काजूच्या बुंध्यातला रोठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ला तालुक्यात कातळाच्या कडेला आमची काजूची दोनशेच्या आसपास कलमं आहेत. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. पण पटाशी घेऊन बुंध्याशी बसण्यात बरेच उन्हाळे गेले आहेत, त्यामुळे फेब्रुवारी लागला की बुंधा पोखरणाऱ्या या किडीबद्दल फोन सुरू होतात. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

रोठा म्हणजे सुपारी ना?

श्रीवर्धनला असाल तर हो. तिकडे रोठा म्हटलं की डोळ्यांसमोर सुपारीच येते, आणि ती नावाजलेलीही आहे. आमच्याकडे काजूवाल्याने 'रोठा लागला' म्हटलं की अर्थ वेगळा. काजूचं खोड आणि मूळ पोखरणारी अळी आणि तिचा भुंगेरा, दोघांनाही रोठाच म्हणतात. कृषी खात्याच्या कागदावर 'खोडकिडा' किंवा 'खोड व मूळ पोखरणारी अळी' असं लिहिलेलं सापडेल. तेही हेच.

शास्त्रीय नाव निओप्लोसिडेरस फेरुजिनिअस. जुन्या पुस्तकांत नुसतं प्लोसिडेरस आहे. फेरुजिनिअस म्हणजे गंजाच्या रंगाचा. हे नाव लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली दिलं, म्हणजे किडा शास्त्राला अडीचशेहून जास्त वर्षं माहीत आहे. आणि तरी काजूची बाग नसलेल्या माणसाला विचारा, त्याने हे नावही ऐकलेलं नसतं. माडावरचा गेंड्या भुंगा शाळकरी पोरालाही माहीत असतो, हा नसतो.

दिसतो कसा?

भुंगेरा अडीच ते चार सेंटिमीटर लांब, अंगाने निमुळता, पाठ तांबूस तपकिरी, डोकं आणि मान काळपट. मिशा लांबलचक. नराच्या तर अंगापेक्षा लांब. दिवसा हा सहसा दिसत नाही, फिरणं काळोख पडल्यावर. त्यामुळे बाग पाच वर्षं मरत असूनही एकही भुंगेरा न पाहिलेले बागायतदार मला भेटले आहेत, आणि त्यांचं काही चुकलेलं नाही.

अळी मात्र बघितली की विसरत नाही. मळकट पांढरी, पाय जवळजवळ नसलेली, डोक्याकडे रुंद, अंगावर वळ्या. पूर्ण वाढली की सात-आठ सेंटिमीटर, म्हणजे बोटाएवढी. तिचे जबडे काळे आणि कठीण असतात. बुंध्याला कान लावला आणि वारा पडलेला असला, तर आत कुरकुर ऐकू येते. मला दोनदा आली आहे. शेजाऱ्याला एकदाही नाही, आणि तो माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

एवढीशी अळी एवढं मोठं झाड मारते कशी?

हे नीट समजून घ्या, पुढच्या सगळ्या उत्तरांचं मूळ इथे आहे.

झाडात दोन वाटा असतात. पाणी मुळांकडून वर जातं ते लाकडातून. पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांपर्यंत येतं ते सालीच्या आतल्या ओल्या थरातून. मादी अंडं घालते ते बुंध्याच्या सालीच्या भेगेत, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत, किंवा उघड्या पडलेल्या मुळावर. अंडं तांदळाच्या दाण्यासारखं. आठवड्याच्या आतबाहेर त्यातून अळी निघते आणि सालीत शिरते. तिला हवा असतो तो हाच ओला, गोडसर थर. ती सरळ रेषेत जात नाही, वाकडीतिकडी फिरते, आणि तिच्यामागे भुशाने भरलेलं बोगद्यांचं जाळं राहतं. एका बुंध्यात अळ्या अनेक असतात. सगळ्यांची जाळी एकमेकांना भिडली की बुंध्याभोवती कडं पूर्ण होतं. आपण कोयत्याने सालीचं कडं काढून झाड वाळवतो ना, अळ्या तेच आतून करतात.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. अन्नाची वाट तुटली तरी पाण्याची वाट लाकडातून चालूच असते. त्यामुळे पानं हिरवी राहतात. मुळं मात्र उपाशी असतात. साठवलेलं संपेपर्यंत ती तग धरतात, मग पाणी ओढेनाशी होतात, आणि तेव्हा कुठे वरची पानं पिवळी पडू लागतात. वर पिवळं दिसलं तेव्हा खाली सहा महिन्यांचं काम उरकलेलं असतं.

'पानी घातलय, खत घातलय, तरी काजी पिवळी कशी पडता?' हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतोच. बघणारा शेंड्याकडे बघत असतो. मी सांगतो, आधी खाली वाका.

मग खाली काय बघायचं?

बुंधा, जमिनीला लागून. त्यातही जिथे खोड जमिनीत शिरतं तो सांधा, आणि मुळांच्या फुगवट्यांमधल्या खाचा.

पहिली खूण म्हणजे भुसा. सुरुवातीला तो इतका बारीक असतो की कोणी नाचणीचं पीठ सांडलं असं वाटावं. अळी मोठी होत गेली की भुसा जाडा, तंतूतंतूंचा होतो. सुतार रंधा मारतो तेव्हा खाली पडतात तशी भुस्कटं. दुसरी खूण डिंक. बुंध्याच्या तळाशी तांबूस-काळपट डिंक भुशात कालवून घट्ट झालेला असतो. नुसता डिंक दिसला तर घाबरू नका, काजूला जखम झाली की डिंक येतोच, कोयता लागला तरी येतो. डिंकात भुसा असेल तर मात्र रोठाच.

तिसरी खूण कानाने कळते. पटाशीच्या मुठीने बुंध्यावर ठोकत जा. जिवंत साल 'टक्' वाजते, पोखरलेली 'ढब' वाजते. चारदा ठोकलंत की फरक कायमचा कळेल.

आमच्याकडची एक चूक सांगतो, ती जवळजवळ प्रत्येक बागेत बघतो. झाडाला आळं करताना माती आणि पालापाचोळा बुंध्याला टेकवून ठेवतात, वर जांभ्याचे चार दगड. ओल राहते हे खरं, पण भोकं त्याच मातीआड लपतात. आच्छादन करायचं तर बुंध्यापासून वीतभर सोडून करा. खालच्या लोंबत्या फांद्यांचंही तसंच. फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात, आत अंधार आणि गवत, तिथे कोणी वाकून बघत नाही. त्या फांद्या काढल्याने उत्पन्न फारसं कमी होत नाही, पण बुंधा दिसायला लागतो.

बुंध्यावर वाळवीची माती आहे. तीच झाड मारते आहे का?

बहुतेक वेळा नाही. वाळवी वरची मेलेली कोरडी साल खाते. हाताने माती पुसा. खाली साल घट्ट आणि आत हिरवट-ओली असेल तर निश्चिंत राहा. वाळवी मारायचं औषध ओतून झालं आणि आत रोठा तसाच राहिला, असं मात्र नेहमी होतं. वाळवी दिसते, रोठा दिसत नाही, म्हणून नाव वाळवीचं.

फक्त कोवळे शेंडे आणि मोहोर करपल्यासारखे काळे पडत असतील, तर तो ढेकण्या, म्हणजे कोवळ्या भागातला रस शोषणारी वेगळी कीड. त्याचा बुंध्याशी काही संबंध नाही, उपायही वेगळे.

कधी तपासायचं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत काढता, तेव्हा पहिली फेरी. अंडी घालण्याचा जोर कोरड्या दिवसांत असतो, साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत. म्हणून या काळात महिन्यातून एकदा तरी प्रत्येक बुंधा.

'एवढा वेळ कुणाक आसा?' म्हणाल. पण याच काळात आपण रोज त्याच झाडाखाली बी वेचायला वाकलेले असतो! बोंडू, म्हणजे बीला चिकटलेलं मांसल फळ, पिळून बी काढायची, पिशवीत टाकायची, पुढच्या झाडाकडे जायचं. उभं राहण्यापूर्वी बुंध्याकडे एकदा मान वळवली तर वेगळी फेरी मारावी लागत नाही. आमच्याकडे बी वेचायला येणाऱ्या बायकांना मी भुसा दाखवून ठेवला आहे. भुसा दिसला की त्या झाडाच्या फांदीला चिंधी बांधतात. संध्याकाळी मी चिंध्या बघत फिरतो. माझ्यापेक्षा त्यांनी जास्त झाडं वाचवली आहेत.

अळी काढायची कशी?

हत्यारं घरचीच: पटाशी, हातोडी, धार असलेली आकडी आणि सायकलचा स्पोक किंवा जाड तार, टोक वाकवून हुकासारखं केलेलं.

भुसा जिथून येतो तिथली साल पटाशीने हळू उघडा. खाली ओल्या तपकिरी भुशाने भरलेला बोगदा दिसेल. बोगद्याच्या मागे मागे जा. भुसा जिकडे जास्त ताजा, फिकट आणि ओलसर होत जातो, अळी तिकडे. जुना भुसा काळपट आणि कोरडा असतो. घाई करणारे इथेच चुकतात, उलट्या दिशेने साल सोलत सुटतात, अळी राहते तशीच आणि चांगली साल जाते. अळीने जेवढं कडं काढलं त्याहून मोठं कडं आपण काढलं तर तिला दोष देण्यात अर्थ नाही.

अळी सालीखाली असेल तर हाताला लागते. मोठी झालेली अळी लाकडात शिरलेली असते, तिथे तार घाला. तार आत गेली आणि मऊ काही लागलं की फिरवून ओढा. तारेला पांढरा चीक लागून आला तर ती मेली. एक सापडली म्हणून उठू नका. एका बुंध्यातून मी सतरा काढल्या आहेत, लहानमोठ्या धरून. मातीखालची जाड मुळंही वीतभर उकरून बघा, कारण त्यातल्या काही मुळांकडे उतरतात, आणि लोक जमिनीपाशी थांबतात.

सगळं झालं की सालीच्या कडा धारदार कोयत्याने गुळगुळीत करा, भुसा पूर्ण झाडून काढा आणि गोळा करून जाळा. भुशाने भरलेलं ठेवलंत तर पुढच्या महिन्यात नवा भुसा कुठला आणि जुना कुठला ते कळणार नाही.

औषध कुठलं लावायचं?

आधी अळ्या काढा, मग औषध. आत अळी ठेवून वरून औषध पुसणं म्हणजे चोर घरात असताना बाहेरून कडी लावणं.

वर्षानुवर्षं शिफारस होत आलेलं औषध म्हणजे क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही, १ लिटर पाण्यात १० मिली, बुंध्यावर मीटरभर उंचीपर्यंत आणि उघड्या मुळांवर. कीटकनाशकांचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून विकत घेण्याआधी लेबल वाचा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात चालू शिफारस विचारा. हे केंद्र १९५७ पासून इथे आहे, 'वेंगुर्ला ४' आणि 'वेंगुर्ला ७' ही आपली कलमं तिथलीच. हातमोजे घाला. बोंडू खाली पडलेले असताना त्यांच्यावर औषध उडवू नका, पोरं खातात.

रोठा लागलेला नाही अशा झाडांना मी रसायन लावत नाही. त्यांना ५ टक्के कडुनिंबाचं तेल, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० मिली, साबण घालून फेटून, ब्रशने बुंध्याला. हंगामात तीनदा. वास उग्र असतो, आणि पाऊस पडला की पुन्हा लावावं लागतं. जुने लोक एक भाग डांबर आणि दोन भाग रॉकेल असं मिश्रण पुसायचे. ते चालतं, पण रॉकेल आता मिळतं कुठे?

जुन्या माहितीपत्रकांत आणि काही काकांच्या तोंडी अजून जी नावं आहेत, त्यांबद्दल स्पष्ट सांगतो. बीएचसी पावडरवर १९९७ पासून बंदी आहे. कार्बारिलची मातीत कालवलेली लेपणी एके काळी सर्रास व्हायची, कार्बारिलवर २०१८ मध्ये बंदी आली. भोकात कापसाच्या बोळ्याने घालायचं डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीपासून बंद. कोणाच्या माळ्यावर बाटली पडलेली असेल तर ती 'संपवायला' म्हणून काजूवर ओतू नका.

आणि निळसर बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक आहे. सोललेली जखम झाकायला चांगली, रोठ्याला काहीही होत नाही. निळे बुंधे बघून बाग सुरक्षित आहे असं समजणारे बरेच आहेत.

जैविक बुरशीचा उपयोग होतो का?

होतो, पण धीर हवा. मेटारायझियम नावाची बुरशी किड्याच्या अंगावर रुजते आणि आतून त्याला खाते. मेलेली अळी कडक होते, मग तिच्यावर हिरवी पूड धरते. इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये गव्हाच्या मुळांवरच्या अळ्यांत ती पहिल्यांदा नोंदली, तेव्हा हे काही कालचं खूळ नाही. आपल्याकडे शेणखताच्या खड्ड्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्यांवर हीच वापरतात.

काजूत ती निंबोळी पेंडीत मिसळून बुंध्याभोवतीच्या मातीत घालायची, पाकिटावरच्या मात्रेप्रमाणे, जमिनीत ओल असताना. एप्रिलच्या तापलेल्या कातळावर टाकलीत तर बुरशी मरेल, रोठा नाही. मी ती पाऊस संपता संपता घालतो.

झाड वाचेल का?

भोवताली सुतळी धरा. बुंध्याच्या परिघाच्या अर्ध्याहून कमी साल गेलेली असेल आणि पानं हिरवी असतील, तर बहुतेक वाचतं. दोन-तीन वर्षांत कडेची साल जखमेवर चढत येते, जाड ओठासारखी.

अर्ध्याहून जास्त साल गेली आणि वर पिवळेपणा आला, तर त्या झाडावर पैसे घालू नका. मनाला लागतं हे मान्य. वीस वर्षांचं झाड, गेल्या साली बी दिलेली, आणि अजून मोहोरही आहे. मोहोर असतोच बऱ्याचदा. लोक म्हणतात, 'एवढा हंगाम घेऊया, मग तोडूया.' त्या एका हंगामात त्यातून किती भुंगेरे बाहेर पडतात त्याचा हिशोब शेजारच्या झाडांवर मांडला जातो.

मेलेलं झाड तसंच ठेवलं किंवा सरपणाला रचलं तर काय होतं?

हा प्रश्न मी स्वतःला उशिरा विचारला.

काही वर्षांपूर्वी आमची सहा झाडं एका पावसाळ्यानंतर गेली. मी ती तोडली, ओंडके केले आणि न्हाणीच्या मागे नीट रचले. फुकटचं सरपण, वर्षभर पाणी तापेल. मार्चमध्ये एका रात्री वीज गेली होती, बॅटरी घेऊन सरपण काढायला गेलो, तर ओंडक्याच्या टोकाला लंबगोल भोक आणि त्यातून दोन मिशा बाहेर. मी बघतच राहिलो. मिशा हलल्या, मग डोकं, मग सगळा भुंगेरा बाहेर येऊन ओंडक्यावर चालू लागला, पाठ बॅटरीच्या उजेडात तांब्याच्या भांड्यासारखी चकाकत होती. त्या रात्री मी अजून तीन पकडले. आधी किती उडून गेले असतील ते विचारू नका. न्हाणीच्या मागे बाग पन्नास पावलांवर आहे. पुढच्या साली त्याच बाजूच्या दोन ओळी लागल्या.

झाड मेलं म्हणजे आतली अळी मरत नाही. ती आत वाढते, कोष करते, वेळ झाली की बाहेर येते. म्हणून तोडलेलं झाड त्याच महिन्यात जाळून टाका किंवा बुंधा फोडून, ढलप्या करून, आतल्या अळ्या मारून उन्हात वाळवा. बुंध्याचा जमिनीतला खुंट आणि जाड मुळंही उपटा. खुंट ठेवला तर अर्धा रोठा ठेवला. फांद्या खुशाल सरपणाला ठेवा, रोठा बुंध्यात असतो.

गावात कोणाचं झाड सुकून उभं असेल तर चांगल्या शब्दांत सांगा. मालक मुंबईला असतो, फोनवर 'बघूया' म्हणतो. आम्ही दोन ठिकाणी वाडीतल्या चौघांनी मिळून, मालकाला विचारून, झाडं तोडून दिली. मजुरी मागितली नाही, त्याने आंब्याची पेटी पाठवली.

लाकडात पांढरं कवच असलेलं अंडं सापडलं. सापाचं का?

सापाचं नाही. तो रोठ्याचा कोष. मोठी झालेली अळी लाकडात किंवा मुळात पोकळी करते आणि स्वतःभोवती चुन्यासारखं कवच बनवते. बोटात धरलं तर पातळ शिंपल्यासारखं लागतं, दाबलं की कट्कन फुटतं. आत बघा, कधी पिवळसर कोष, कधी पुरता तयार झालेला भुंगेरा मिशा दुमडून पडलेला. कोषात दोनेक महिने जातात. त्याआधी अळीचे सहा-सात महिने. वर्षाला एक पिढी. हे आपल्या सोयीचं आहे, कारण एक अळी काढली की एका वर्षाचं काम झालं.

ट्रॅप लावून पकडता येतो का?

माडावरच्या सोंड्या भुंग्याचे बादलीचे ट्रॅप काजूत टांगलेले मी पाहिले आहेत. रोठा त्यात येत नाही. त्या बादलीतला वास सोंड्यासाठीचा असतो. गोंधळाचं एक कारण नावात असावं, सोंड्याच्या शास्त्रीय नावातही फेरुजिनिअस आहे. रंग गंजाचा, एवढंच साम्य.

आंब्याला लागेल का?

आंब्याचं खोड पोखरतो तो मुख्यतः भिरूड. तो याच लांब मिशांच्या कुळातला पण बराच मोठा, राखाडी, मानेवर दोन नारिंगी-गुलाबी ठिपके. त्याचीही अळी खोडात भोक पाडून भुसा टाकते, पण ती वरच्या खोडात आणि फांद्यांतही सापडते. काजूलाही भिरूड कधीकधी लागतो. तपासायची रीत तीच, नजर मात्र वरपर्यंत न्यावी लागते.

सालीखाली चपटा काळा भुंगेरा सापडला. मारू?

थांबा. मेलेल्या सालीखाली एक वेगळीच वस्ती असते. त्यात ट्रोगोसिटिडी नावाचं एक कूळ आहे. त्यांना नाव पडलं साल कुरतडणारे भुंगेरे, पण त्यातले बरेच साल खातच नाहीत. कोणी बुरशीवर जगतात, कोणी सालीखाली फिरून दुसऱ्या किड्यांच्या अळ्या खातात. साल खरी कुरतडतो तो रोठा, आणि नाव मिळालं भलत्याला. बोटाच्या पेराहून लहान, चपटा, मिशा आखूड असा असेल तर तो तुमचं झाड मारत नाही.

याच कुळातला एक मात्र घरात त्रास देतो, टेनेब्रॉइडिस मॉरिटॅनिकस. सहा ते अकरा मिलिमीटर, चकचकीत काळा, मानेशी बारीक कंबर. साठवलेल्या तांदळात, पिठात, धान्यात राहतो. त्याची अळी पांढरट, डोकं काळं, शेपटीला दोन काळे आकडे. ती दाण्याचा कोंबाचा भाग आधी खाते, त्यामुळे बियाण्याचं भात लागलं तर उगवण जाते. आणि सवय सालीखालचीच राहिली असल्याने लाकडी पेटाऱ्याच्या फळ्यांत भोकं पाडून लपते. भात काढून पेटारा नुसता झाडला आणि नवं भात भरलं तर तो फटींतून परत हजर. पेटारा उन्हात टाकून फटी लिंपल्या तर जातो.

रोठा काजूबरोबर परदेशातून आला का?

काजू आली ब्राझीलहून, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर. किडा इथलाच, आशियातला. काजू यायच्या आधी तो आपल्याच रानातल्या झाडांवर जगत असणार. मग डोंगरच्या डोंगर एकाच झाडाने भरले, तेही मऊ सालीच्या, रसाळ झाडाने. पाहुण्या झाडावर घरचा किडा बसला.

फळपीक विम्यात भरपाई मिळते का?

नाही. काजूचा विमा हवामानावर चालतो, अवेळी पाऊस, कमी तापमान वगैरे. किडीने मेलेल्या झाडाचे पैसे त्यात येत नाहीत.

त्याच जागी नवीन कलम लावू का?

लावा, जुना खुंट आणि मुळं पूर्ण काढून, खड्डा एक उन्हाळा तापू देऊन. मनगटाएवढ्या कलमाला रोठा सहसा विचारत नाही, त्याला जाड बुंधा लागतो. दहा-पंधरा वर्षांच्या पुढची झाडं जास्त लागतात. तोपर्यंत बुंधा उघडा ठेवायची सवय लावून घ्यायला भरपूर वेळ आहे.

भुंगेरा चावतो का?

बोट जबड्यात दिलंत तर चिमटा बसतो, विष नाही. पाठीवरून दोन बाजूंनी धरा. मान आणि छाती घासून किर्र किर्र आवाज काढतो, लहान मुलं दचकतात आणि मग पुन्हा धरायला मागतात. आमच्या नातवाने एक काड्यापेटीत ठेवला होता. सकाळी पेटीला भोक होतं.